दोन पावलं मागे : मारिया माँटेसोरी

आपल्यापैकी बरेच जण लहानपणी मॉन्टेसरीत गेले असतील. मीही गेले. गळ्यात वॉटरबॅग, फ्रॉकला पिनेने लावलेला रुमाल आणि आईचा पदर न सोडता दारात घातलेला गोंधळ, एवढंच आता आठवतं. मॉन्टेसरी म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग, अशीच माझी समजूत होती. हे एका बाईचं आडनाव आहे आणि त्या बाई आपल्या देशात काही वर्षं राहून गेल्या आहेत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांचं चरित्र मी मन लावून वाचलं त्याला एक छोटंसं कारण घडलं. गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंदिरात मुलांना शाडूचे गणपती करायला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. पाचएक वर्षांची एक मुलगी अर्धा तास मान खाली घालून काम करत होती. तिच्या गणपतीची सोंड चांगलीच वाकडी झाली होती, पार पोटावरून घसरली होती. मी तिच्या हातातून मूर्ती घेतली आणि दोन मिनिटांत सोंड सरळ करून दिली. मूर्ती सुरेख दिसायला लागली. आरतीनंतर सगळी मुलं आपापले गणपती घेऊन घरी गेली. टेबलावर एकच मूर्ती उरली, तिची. आईने विचारलं तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की हा गणपती तिचा नाहीच.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. मदत केली त्यात काय चुकलं? या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माँटेसोरीबाईंनी आपलं जवळजवळ सगळं आयुष्य घालवलं होतं.

शिक्षिका व्हायचं नाही!

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआराव्हाल्ले या लहान गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली आणि लेकीच्या पाठीशी ठाम उभी राहणारी. मारिया पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आलं. त्या काळी शिकलेल्या मुलीने फार तर शिक्षिका व्हावं, अशी रीत होती. मारियाला नेमकं तेच व्हायचं नव्हतं. ती तांत्रिक शाळेत गेली. आधी इंजिनियर व्हायचं मनात होतं, मग एकदम डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडिलांना ते मुळीच पसंत पडलं नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांबरोबर शवविच्छेदन करणं मुलीला शोभत नाही म्हणून तिला ते काम इतर सगळे गेल्यावर एकटीने करावं लागे. तरीही १८९६ मध्ये ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी ती एक. आपल्या आनंदीबाई जोशी त्याआधी दहा वर्षं, १८८६ मध्ये, फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या होत्या. दोघींच्या वाटेतले काटे सारखेच होते.

पदवीनंतर डॉ. माँटेसोरी रोमच्या विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागल्या. त्या काळी मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांना वेड्यांच्या इस्पितळातच कोंडून ठेवत. एक हकिकत नेहमी सांगितली जाते. जेवण झालं की ही मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करून त्यांच्याशी चाळा करत बसत. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईला त्याची किळस येई. डॉक्टरीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. त्या रिकाम्या खोलीत मुलांच्या हाताला लागेल अशी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांना भूक अन्नाची नव्हती. हातांना काहीतरी काम हवं होतं.

मग त्यांनी ईतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांची जुनी पुस्तकं शोधून काढली, त्यांच्यासारखी साधनं करून घेतली आणि अशा मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांतली काही मुलं लिहा-वाचायला शिकून सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेतही पास झाली. सगळ्यांनी कौतुक केलं. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुलं एवढं करू शकतात, तर चांगली धडधाकट मुलं शाळेत मागे का राहतात?

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक मोठं दुःख आलं. सहकारी डॉक्टर ज्युसेप्पे माँतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ मध्ये मुलगा झाला, मारियो. लग्न झालेलं नव्हतं. ही गोष्ट उघड झाली असती तर त्यांचं काम तिथेच संपलं असतं. बाळ खेड्यातल्या एका कुटुंबात वाढवायला दिलं गेलं. आई अधूनमधून भेटायला जाई, पण मुलाला ती आपली आई आहे हे माहीत नव्हतं. जगातल्या लेकरांना समजून घेणाऱ्या या बाईला स्वतःच्या लेकराचं बालपण दुरूनच पाहावं लागलं. मारियो त्यांच्याकडे राहायला आला तो थेट पंधराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांची आई वारल्यानंतर.

मुलांचं घर

रोममध्ये सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. एका गृहनिर्माण संस्थेने तिथल्या मोडक्या चाळी दुरुस्त केल्या. आईबाप दिवसभर कामावर, आणि शाळेच्या वयाची नसलेली पोरं जिन्यांवर उच्छाद मांडत, नव्या भिंती खराब करत. या पोरांना एका खोलीत सांभाळायला कोणीतरी हवं होतं. डॉक्टर आणि विद्यापीठात व्याख्यानं देणाऱ्या माँटेसोरीबाईंनी हे काम आनंदाने स्वीकारलं. ६ जानेवारी १९०७ रोजी सुमारे पन्नास मुलांचा हा वर्ग सुरू झाला. त्याचं नाव 'कासा देइ बांबिनी', म्हणजे मुलांचं घर. ज्यांना शिक्षिका व्हायचं नव्हतं त्या अशा बालवाडीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

तिथे नेमलेली बाई काही शिकलेली शिक्षिका नव्हती. माँटेसोरीबाईंनी तिला साधनं कशी वापरायची तेवढं दाखवलं आणि मुलांच्या फारसं मध्ये पडू नको असं बजावलं. मग त्या स्वतः कोपऱ्यात बसून बघू लागल्या. डॉक्टर जसा रोग्याकडे बघतो, औषध द्यायची घाई न करता, तसं.

एके दिवशी तीनएक वर्षांची एक मुलगी दट्ट्यांशी खेळत होती. लाकडी ठोकळ्याला लहानमोठी भोकं असतात, आणि प्रत्येक भोकात त्याच मापाचा दट्ट्या बसतो. मुलीने सगळे दट्टे काढले, मिसळले, परत बसवले. पुन्हा काढले, पुन्हा बसवले. बाई मोजू लागल्या. मुलीचं लक्ष किती पक्कं आहे ते बघावं म्हणून त्यांनी बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणत फिरायला लावलं. ती ढळली नाही. मग त्यांनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. मुलीने दट्टे मांडीवर सावरून धरले आणि तिथेच खेळ पुढे चालू केला. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केलं, आणि मग आपणहून थांबली, झोपेतून उठल्यासारखी ताजीतवानी होऊन हसली. कोणी शाबासकी दिली नव्हती, कोणी थांब म्हटलं नव्हतं.

या मुलीने बाईंना जन्माचा धडा दिला. लहान मूल चंचल असतं असं आपण म्हणतो, पण त्याची तंद्री बहुतेक वेळा आपणच मोडत असतो.

दुसरा प्रसंग कपाटाचा. साधनं कुलपात ठेवलेली असत आणि बाई ती वाटून देत. एकदा कुलूप लावायचं राहिलं आणि वर्गावरची बाई उशिरा आली. येऊन पाहते तो मुलांनी कपाट उघडून हव्या त्या वस्तू घेतलेल्या. तिला ती चोरी वाटली. माँटेसोरीबाईंना दिसलं ते असं की मुलांना आता वस्तू ओळखीच्या झाल्या आहेत, आपल्याला काय हवं ते त्यांना कळतं. मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी उघडी कपाटं तेव्हापासून आली, ती आज जगभरच्या बालवाड्यांत दिसतात.

मदत कधी अडथळा होते

माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग मात्र तिसराच आहे. बाईंनी आपल्या पहिल्या पुस्तकात तो लिहून ठेवला आहे. वर्गात पाण्याच्या घंगाळात काही खेळणी तरंगत होती आणि मुलं भोवती गोल करून हसतखिदळत उभी होती. अडीच वर्षांचा एक मुलगा मागे राहिला. त्याला काही दिसेना. त्याने आत घुसायचा प्रयत्न केला, जोर पुरेना. मग तो थांबला, इकडेतिकडे बघू लागला. त्याची नजर एका छोट्या खुर्चीवर गेली. ती आणून तिच्यावर चढायचं त्याच्या मनात आलं, आणि त्याचा चेहरा उजळला. तो खुर्चीकडे निघाला, तेवढ्यात शिक्षिकेने त्याला प्रेमाने उचलून सगळ्यांच्या डोक्यांवरून घंगाळ दाखवलं.

त्याला खेळणी दिसली. पण चेहऱ्यावरचा तो उजेड गेला. स्वतः मार्ग काढण्यात जो आनंद होता तो त्याला परत कोणी देऊ शकणार नव्हतं.

हे वाचताना मला शाडूची ती सोंड आठवली.

पण मागे राहणं म्हणजे नुसतं हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हेही बाईंना लगेच शिकायला मिळालं. शिक्षिकांना मध्ये पडू नका म्हणून सांगितलं, तर त्या काहीच करेनात. मुलं टेबलावर पाय टाकून बसली, नाकात बोटं घालू लागली, एकमेकांना ढकलू लागली, तरी बाई आपल्या गप्प. तेव्हा माँटेसोरीबाईंना स्वतः उठावं लागलं. दुसऱ्याला त्रास होईल, इजा होईल किंवा जे असभ्य आहे, ते तिथल्या तिथे थांबवायचं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य आणि मोकाट सुटणं या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

त्यांची रीत थोडक्यात अशी सांगता येईल. मोठ्यांचं खरं काम मुलं यायच्या आधीच व्हायला हवं. मुलाला उचलता येईल अशी खुर्ची, त्याच्या हाताच्या मापाचा पाण्याचा जग, फुटू शकेल अशी खरी काचेची भांडी. फुटतं म्हणूनच मूल जपून धरायला शिकतं. मग एकदा, सावकाश, फार न बोलता करून दाखवायचं. मूल त्यात रमलं की दोन पावलं मागे. दट्ट्या चुकीच्या भोकात बसला तर शेवटी एक दट्ट्या उरतोच, चूक ठोकळाच दाखवतो, आपण बोट दाखवायची गरज नाही. रमलेल्या मुलाला शाबासकी देणंसुद्धा त्यांना नको वाटे, कारण कौतुकानेही तंद्री मोडते. मूल मात्र नुसतंच या वस्तूवरून त्या वस्तूवर भटकत असेल, कशातच जीव रमत नसेल, तर पुढे व्हायचं आणि त्याला काहीतरी चांगलं काम सुचवायचं. म्हणजे बघायचं ते मुलाच्या चेहऱ्याकडे. आपल्याला त्याचं काम नीटनेटकं वाटतं की नाही, हा प्रश्न नंतरचा.

याबाबतीत त्या स्वतः कुठे कमी पडल्या का? त्यांच्या काळातल्या टीकाकारांना तसं वाटलं. साधनं ठरलेली, ती वापरायची रीतही ठरलेली, मग मुलाने ठोकळ्याची आगगाडी केली तर काय, असा आक्षेप अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये घेतला. सान लोरेन्झोच्या मुलांनी भेट आलेल्या खेळण्यांपेक्षा खरं काम पसंत केलं होतं, त्यामुळे लुटुपुटीच्या खेळाला बाईंनी फार महत्त्व दिलं नाही. आज बालशिक्षणात भातुकली आणि नाटकलीलाही मानाचं पान आहे, आणि ते योग्यच आहे. पण तिथेही प्रश्न तोच येतो. भातुकलीच्या चहात किती साखर घालायची ते मुलाने ठरवायचं की आपण?

काचेचा वर्ग आणि नगरची छावणी

पुढची काही वर्षं कीर्तीची होती. १९१२ मध्ये पुस्तक इंग्रजीत आलं, १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांचा एक वर्ग काचेच्या भिंतीआड भरवला होता. बाहेर बघ्यांची झुंबड, आणि आत मुलं आपापल्या कामात दंग. मोठ्यांनी फक्त बघावं, हात लावू नये, याचा त्याहून चांगला धडा कोणता असेल!

इटलीत मुसोलिनीच्या सरकारने सुरुवातीला त्यांच्या शाळांना आधार दिला आणि त्यांनी तो घेतला. पण मुलांना आपल्या साच्यात घालू पाहणारी सत्ता आणि मुलापासून दोन पावलं मागे राहायला सांगणारी बाई यांचं जमणं शक्य नव्हतं. १९३४ च्या सुमारास इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. त्या स्पेनमध्ये होत्या, तिथे १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं. मग हॉलंड.

१९३९ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्या मारियोसह मद्रासच्या अड्यारला आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचं निमंत्रण होतं. पहिल्याच वर्गाला सुमारे तीनशे विद्यार्थी जमले. काही महिन्यांचा बेत होता. पण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन म्हणून दोघंही ब्रिटिशांच्या दृष्टीने शत्रू ठरली. बाईंना अड्यारच्या आवारात राहायला लावलं, आणि मारियो यांना पाठवलं आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत.

एवढी वर्षं जगासमोर मारियो हा त्यांचा भाचा किंवा मानलेला मुलगा होता. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाई सत्तर वर्षांच्या झाल्या. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांना त्यांचा मुलगा परत देत असल्याचं तीत कळवलं होतं. भाचा नाही, मानलेला नाही, मुलगा! जे नातं बेचाळीस वर्षं उघडपणे सांगता आलं नाही, ते नगरहून सुटून आलेल्या मारियोबरोबर असं उजेडात आलं.

पुढे कोडाईकॅनालला आणि इतरत्र मिळून त्यांनी भारतात हजाराहून अधिक शिक्षक तयार केले. युद्धानंतर अहमदाबादला दिलेल्या व्याख्यानांवरून त्यांचं 'द ॲब्सॉर्बंट माइंड' हे गाजलेलं पुस्तक झालं आणि १९४९ मध्ये ते मद्रासहून प्रसिद्ध झालं.

अंगणातली शाळा

पण बाईंचे विचार त्यांच्या आधीच भारतात पोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. १९२३ मध्ये आपल्या ताराबाई मोडक तिथे गेल्या. माँटेसोरीबाईंच्या साधनांना या दोघांनी गोष्टी, गाणी, नाटकं यांची जोड दिली. गिजुभाई जून १९३९ मध्ये वारले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत माँटेसोरीबाई भारतात आल्या!

ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढलं. पण महागडी साधनं गरिबांच्या मुलांना कशी परवडणार? १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच झोपड्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या ही साधनं. सान लोरेन्झोच्या चाळीत सुरू झालेली गोष्ट आपल्या मातीत अशी रुजली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं.

मारिया माँटेसोरी ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये, समुद्रकाठच्या नोर्डव्हाइक गावी वारल्या. वय एक्क्याऐंशी. मारियो जवळ होते. पुढे इटलीने हजार लिऱ्यांच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. लिरा २००२ मध्ये चलनातून गेली, नोटही गेली. बुटकी कपाटं आणि छोट्या खुर्च्या मात्र राहिल्या.

आपण परदेशात राहतो. मुलांना मराठी यावं, श्लोक यावेत, गणपती नीट करता यावा, अशी आपल्याला जरा जास्तच घाई असते. आजीआजोबा वर्षातून काही महिने येतात, आणि सगळी माया त्या थोड्या दिवसांत ओतायची असते. ती घाई मला समजते, कारण ती माझीही आहे. पण त्या घाईत मुलाच्या हातातली वस्तू आपण काढून घेतो, आणि मग ती वस्तू त्याची राहत नाही.

यंदाही शाडूचं टेबल माझ्याकडेच आहे. माती आदल्या रात्री भिजवून ठेवणार आहे, ओलं फडकं आणि पाण्याच्या वाट्या मुलांच्या हाताशी असतील. सोंड सुकल्यावर गळू नये म्हणून जोडाला पाण्याचं बोट कसं लावायचं, तेवढं एकदा करून दाखवणार. माती एकमेकांवर फेकायला लागले तर ओरडणारही आहे! आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी खुर्च्या ठेवल्या आहेत, पण टेबलापासून जरा लांब. त्यांतली एक माझी आहे.